तेरावा बलुतेदार

वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने १८०२ साली इंग्रजांची तैनाती फौज पदरी बाळगण्याचे कबूल केले, किंवा वस्तुस्थितीला धरून बोलायचे तर इंग्रजांच्या पदरी स्वतः राहण्याचे कबूल केले. आणि त्या फौजेचा तळ पुढे ज्या घोडनदीच्या काठी पडला, त्या हल्लीच्या शिरूर गावी कर्नल विल्यम वॉलेस नावाचा चौऱ्याहत्तराव्या पलटणीचा एक गोरा अंमलदार १८०९ साली मरण पावला. परमुलखात मरणाऱ्या साहेबांची त्या काळी वाण नव्हती, आणि त्यांच्या थडग्यांचे पुढे काय होते हेही सर्वांच्या पाहण्यातले आहे: भोवती बाभळी माजतात, अक्षरे पुसट होतात, आणि दुपारच्या वेळी शेळ्या सावलीला येऊन बसतात. वॉलेससाहेबाच्या नशिबी मात्र एवढी स्वस्थता नव्हती. तो जाऊन पाऊणशे वर्षे उलटल्यावर, १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात अशी नोंद सापडते की, शिरूर व आसपासच्या गावांतील बहुतेक हिंदू लोक त्यास ‘सत्पुरुष’ म्हणून मानतात, त्याच्या थडग्याची पूजा करतात, आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा पहिला नैवेद्य तेथे नेऊन ठेवतात. ज्या गृहस्थाच्या ताटात हयातीत बाजरीला बहुधा प्रवेश नव्हता, त्याच्यावर मरणोत्तर दरसाल बाजरी ग्रहण करण्याची पाळी आली.

ह्या नोंदीकडे विद्वान लोक भाबड्या श्रद्धेचा एक मासला म्हणून पाहतात. मला तीत अत्यंत मुरब्बी अशा मुलकी बुद्धीचे दर्शन घडते. वर्ण, धर्म, भाषा, पोशाख आणि आहार ह्यांपैकी एकाही बाबतीत आपल्याशी न जुळणारा मनुष्य गावाच्या हद्दीत कायमचा येऊन पडला, तर त्याचे करायचे काय, हा प्रश्न कोणत्याही समाजाला पडतोच. आणि त्यावर त्याचा द्वेष करावा, त्याच्याकडे दुर्लक्ष करावे किंवा त्याचे अनुकरण करावे, असे तीनच मार्ग सामान्यतः सुचतात. शिरूरकरांना चौथा सुचला. त्यांनी साहेबाची नेमणूक करून टाकली. काम पिकाची राखण, वेतन पहिल्या कणसांचे, हजेरी सदासर्वकाळ, आणि सेवानिवृत्तीची तरतूद नाही.

त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाड्या’त बारा बलुतेदारांचे हक्क आणि कामे इतकी बारकाईने लिहून ठेवली आहेत की, त्यांत भर घालणे हा अधिक्षेप ठरेल, तथापि भीमेच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड ह्या दोन तालुक्यांत, बरीच वर्षे डोळे उघडे ठेवून हिंडल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, प्रत्येक गावाला एक तेरावा बलुतेदारही असतो, आणि त्याचा धंदा म्हणजे वेगळे असणे. व्यक्ती आणि समाज ह्यांच्या झगड्याविषयी आमच्याकडे जे ग्रंथ आणि व्याख्याने झाली, त्यांत समाज हा नेहमी हातात दगड घेऊन उभा असलेला दाखवतात. दगड पडतात हे खरे. पण ते पहिली दहा-पाच वर्षे. त्यानंतर दगड मारणारा थकतो, खाणाराही थकतो, आणि मग चावडीवर बसून समाज विचार करतो की, हा एवढा वेगळा मनुष्य आता आहेच, तर त्याला काही कामाला लावू या. एकदा हे ठरले की, त्या मनुष्याची सुटका उरत नाही. जो सर्वांसारखा वागतो त्याला एखादे दिवशी वेगळे वागण्याची मुभा असते, लोक म्हणतात, ‘चालायचंच’; ज्याला वेगळेपणाचे वतन मिळाले, त्याला मात्र एक दिवसही सर्वांसारखे वागता येत नाही.

नेमणुकीची ही कला शिरूरपुरतीच होती असे नाही. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट हे १८३८ साली पुण्याजवळ दापोडीच्या बंगल्यात वारले. त्या दिवशी सायंकाळी एक मांजर पुढच्या दरवाजाने बाहेर पडून, गव्हर्नरसाहेब ज्या वाटेवर नित्य शतपावली घालीत त्याच वाटेवर येरझारा घालू लागले. पहाऱ्यावरच्या शिपायाने ते पाहिले, जाणत्यांनी त्याचा अर्थ लावला, आणि साहेबांचा आत्मा मार्जारयोनीत गेल्याचे निश्चित झाले. अडचण एवढीच की नेमके मांजर कोणते, हे कोणालाच खात्रीने सांगता येईना. तेव्हा दरोबस्त सर्व मांजरांना सलामी द्यावी असा व्यवहार्य तोडगा निघाला. आणि अंधार पडल्यावर पुढच्या दाराने बाहेर पडणारे कोणतेही मांजर गव्हर्नर समजून त्यास रीतसर मानवंदना द्यावी, असा तोंडी हुकूम पहारा बदलताना एक शिपाई दुसऱ्यास पुढे पंचवीस वर्षे देत राहिला, असे जनरल गॉर्डन ह्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. मला ह्या हकिकतीत त्या पहिल्या शिपायापेक्षा पंधराव्या-सोळाव्या वर्षी भरती झालेल्या शिपायाबद्दल अधिक कुतूहल वाटते. त्याने ग्रँटसाहेबाला पाहिले नव्हते, त्या मांजरालाही पाहिले नव्हते, आणि मनातून तो बहुधा हसतही असेल. परंतु सलामी न देणारा पहिला शिपाई होण्यापेक्षा मांजराला सलाम ठोकणे केव्हाही सोपे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नसणार.

सर्वांत मोठ्या वेगळ्या मनुष्याची पालखी दर आषाढीला दौंड तालुक्यातून जाते. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवण्यापर्यंत मजल गेली होती. म्हणजे दगडांचा काळ त्यांच्याही वाट्यास पुरेपूर आला होता. पुढे त्यांचे पुत्र नारायणबाबा ह्यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली, आणि सांप्रत त्या सोहळ्यात रथापुढील कोणती दिंडी कितव्या क्रमांकाची, रथामागील कोणती, रथाला बैलजोडी जुंपण्याचा यंदाचा मान कोणाचा, हे सर्व असे काटेकोर ठरलेले असते की, एखाद्या दिंडीने आपला क्रमांक सोडून दोन पावले पुढे टाकली तर ते केवढे प्रकरण होते हे चोपदारालाच विचारावे. यवतच्या मुक्कामी ग्रामस्थ हजारो वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण घालतात. गावोगावच्या चुलींवर थापलेल्या त्या भाकऱ्यांचे ढीग आणि कढईतून पातेल्यात पडणारे ते वाफाळते पिठले पाहिले म्हणजे उपवास करणाऱ्याचाही निश्चय ढळावा. परंतु यवतच्या एखाद्या उत्साही तरुणाने ‘ह्या खेपेस पिठल्याऐवजी पुलाव करू’ अशी सूचना आणली तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. पुलाव वाईट म्हणून नव्हे. वारकऱ्याने देहूपासून चालताना मनात जे धरलेले असते, ते पिठले असते. ज्यांनी आयुष्यभर परंपरेच्या ठेकेदारांशी वाद घातला, त्यांच्या नावाने चालणाऱ्या वाटेवरचे पिठलेसुद्धा परंपरेच्या हुकमाखाली शिजते. आणि पुढे रोटीचा घाट आला म्हणजे त्यांचा रथ वर चढवण्यासाठी जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. तुकोबांच्या अंगी आता तेवढे वजन आले आहे.

त्याच तालुक्यात केडगाव नावाचे रेल्वे स्टेशन आहे. तेथे उतरणाऱ्या परक्या मनुष्याला रिक्षावाला एकच प्रश्न विचारतो: “मिशनला का बेटावर?” बेटावर जायचे म्हणजे नारायण महाराजांच्या दत्तस्थानी. साधूने फाटके नेसावे, राख फासावी, मिळेल ते खावे, ही आपल्या लोकांची साधूंविषयीची सनातन अपेक्षा. आणि हे महाराज उंची वस्त्रे लेऊन रुप्याच्या सिंहासनावर राजासारखे बसत. त्यांना सुरुवातीला कोणी काय म्हटले असेल ते असो. लोकांनी थोडक्यात त्यांची व्यवस्था लावली, आणि वैभवात राहणारा विरक्त अशी एक नवीनच पायरी निर्माण करून त्यांना तीवर बसवले. हे बलुते ठरायला अडचण पडली नाही.

मिशनला जायचे म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात, आणि येथे मात्र माझा तेराव्या बलुतेदाराचा सिद्धान्त अडखळतो. रमाबाईंना समाजाने बलुते देऊ केले नव्हते असे नाही. उलट भरघोस देऊ केले होते. १८७८ साली, वयाची विशी गाठते न गाठते तोच, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची संस्कृत विद्या पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या अर्पण केल्या. एवढे पदरात पडल्यावर त्यांनी तेथेच थांबून गावोगाव पुराण सांगत फिरायचे होते. जन्मभर शाली मिळत्या आणि स्त्रियांच्या विद्वत्तेचे उदाहरण म्हणून आमच्या सनातन्यांनीच त्यांना पुढे केले असते. परंतु १८८० साली त्यांनी जातीबाहेरच्या बंगाली वकिलाशी नोंदणीने विवाह केला. लवकरच वैधव्य आले. तेव्हा विधवेने जसे राहावे तसे न राहता त्या पुण्यास येऊन व्याख्याने देऊ लागल्या. १८८३ साली विलायतेस जाऊन ख्रिस्ती झाल्या. येथे निदान तिकडच्या लोकांना वाटले की, आता ही बाई आपल्या वळणात बसली. तर तेथल्या मठातील भगिनींशी त्यांनी धर्मतत्त्वांवरून पत्रोपत्री असा वाद मांडला की त्या बिचाऱ्या गांगरून गेल्या, आणि शाकाहारही सोडला नाही. १८८९ साली मुंबईत काढलेले आणि पुढल्या वर्षी पुण्यास आणलेले शारदासदन पाहून आमच्या सुधारकांनी त्यांना आपल्यात ओढले, तर काही वर्षांतच धर्मांतराच्या वादावरून त्या सुधारकांनाही अंग काढून घ्यावे लागले. सनातनी, सुधारक आणि पाद्री ह्या तिन्ही कचेऱ्यांनी त्यांच्या नावाचा कागद तयार केला, आणि तिन्ही कागद सहीवाचून परत आले.

मग त्या केडगावच्या माळावर येऊन राहिल्या. विहिरी खणल्या, १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी फिरणाऱ्या निराधार स्त्रिया आणि मुली गोळा करून आणल्या, १९०० च्या दुष्काळात आणखी आणल्या, आणि म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलाचे मराठी भाषांतर करण्यास बसल्या. ते छापायचे कामही आश्रमातल्या स्त्रियांनीच केले. ज्या मुलीला गावाने एका घासाची धनी मानले नव्हते ती खिळे जुळवत बसली आहे, आणि शेजारी पांढऱ्या लुगड्यातली एक वृद्ध बाई प्रुफातली चूक बोटाने दाखवते आहे, हे दृश्य मी कित्येकदा मनाशी उभे करून पाहिले आहे. त्या मुलीपुढे व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न कोणत्या स्वरूपात आला असेल, हे सांगण्याचा अधिकार विनोदी लेख लिहिणाऱ्याला नाही. १९२२ साली रमाबाई वारल्या. अद्यापि त्या कोणाच्या, हे ठरलेले नाही. १९८९ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. तिकिटाला निदान मागून डिंक असतो, ह्याखेरीज त्यांना कोठे चिकटवण्याची सोय कोणाला साधली नाही.

इतका मजबूत कणा तालुक्यात वारंवार जन्माला येत नाही. उरलेल्या आम्हा लोकांची वृत्ती दौंड जंक्शनात कळते. मनमाडकडून पुण्यास जाणारी गाडी दौंडात शिरली की इंजिन सोडून मागच्या टोकाला जोडतात आणि गाडी आली त्याच दिशेने उलट निघते. हा खोळंबा टाळण्यासाठी आता वेगळी कॉर्ड लाइन झाली असली तरी ज्या गाड्या जंक्शनात येतात त्यांचे हे चालूच आहे. डब्यात गाडीच्या दिशेला तोंड करून ऐटीत बसलेला मनुष्य तेथे जागेवरून तसूभरही न हलता पुरोगाम्याचा प्रतिगामी होतो, आणि समोरचा, ज्याला नगरपासून मळमळत होते, तो अकस्मात काळाच्या पुढे जातो. दोघांनाही त्यात आपले काही कर्तृत्व आहे असे वाटू लागते, हा भाग निराळा.

पुण्याहून दौंडला रोज जा-ये करणाऱ्या मंडळींच्या डब्यात तर गावगाडा जसाच्या तसा नांदतो. डबा सर्वसाधारण, आरक्षण नाही, तिकीट सर्वांचे सारखे. पण प्रत्येक जागेला मूळ मालक, कूळ आणि वहिवाट असते. एकदा मी हडपसरला चढून खिडकीजवळच्या मोकळ्या जागी टेकलो, तोच समोरचे गृहस्थ अदबीने म्हणाले,

“साहेब, तिथं केडगावचे अप्पा बसतात.”

“ते दिसत नाहीत आज.”

“नाहीच आहेत. रजेवर आहेत चार दिवस. पण जागा त्यांचीच ना.”

मी उठलो. माझ्यामागून चढलेल्या एका तरुणाने मात्र असले काही मानायचे नाकारले. मी तिकीट काढले आहे, जागा मोकळी आहे, आणि मी येथेच बसणार, असे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याचे म्हणणे कायद्याने बिनतोड होते, आणि कोणी त्याच्याशी भांडलेही नाही. फक्त शेंगदाण्याची पुडी सर्वांपुढून फिरली ती त्याच्यापाशी आली नाही. पत्त्यांचा डाव मांडण्यासाठी सर्वांनी गुडघ्यांवर जी चादर ताणून धरली तिचे टोक त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून गेले. आणि उरुळी येईतो तो दारात जाऊन उभा राहिला. त्याला तेथे उभे पाहताच आतून एकाने आपुलकीने हाक मारली, “अहो, या की, इथं सरकून बसू!” आणि तिघांच्या बाकावर चौथा म्हणून त्याला मोठ्या प्रेमाने कोंबून घेतले. अप्पांची जागा मोकळीच होती.

अलीकडे एक नवीच उलथापालथ झाली आहे. पूर्वी गावात एक मनुष्य वेगळा असे; हल्ली सर्वच तरुणांना वेगळे व्हायचे आहे. शिरूरच्या किंवा दौंडच्या बसस्थानकासमोर उभे राहून वाढदिवसाचे फलक वाचावेत. ज्याच्यासारखा दुसरा होणे नाही, जो लाखांत एक आहे, अशा एका युवा नेत्याचे भव्य चित्र मध्यभागी असते. डोळ्यांवर काळा चष्मा, कपाळी आडवा गंध, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि कानाला भ्रमणध्वनी, जणू ऐन छायाचित्राच्या वेळी मुंबईहून बोलावणे आले. खाली शुभेच्छुकांची वर्तुळे असतात. प्रत्येकात काळा चष्मा, आडवा गंध, पांढरा सदरा. पुढल्या आठवड्यात त्या वर्तुळांपैकी एक जण मध्यभागी येतो आणि हा वर्तुळात जातो. लाखांत एक असलेल्यांची एवढी दाटी झाली आहे की फलक लावायला खांब मिळत नाही. तीच गत मोटारींच्या नंबरांची. इंग्रजी चारचा आकडा जरा वळणदार काढला की त्याचा ‘द’ होतो आणि एकाचा काना. त्यामुळे चार-एक-चार-एक ह्या आकड्यांचे ‘दादा’ होते, हा शोध कोणा प्रतिभावंताने लावला कोण जाणे. परिवहन कचेरीत जादा फी भरून तो क्रमांक घेण्यासाठी झुंबड उडते, आणि बारामती कचेरीच्या बेचाळीस क्रमांकाखाली नोंदलेल्या दौंडच्या गाड्या एका रांगेत उभ्या राहिल्या म्हणजे इतके दादा एकदम पाहून पादचाऱ्याला आपण कोणाचा तरी धाकटा भाऊ आहोत अशी सुखद जाणीव होते.

खरोखर वेगळे घर बांधणारी माणसे शिरूर तालुक्यातल्या पाबळला होती. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम काढला, आणि खेड्यातल्या मुलांकडून हातांनी काम करवता करवता घुमटासारखी गोल घरे उभी केली. घर मजबूत होते आणि साहित्यही कमी लागे. परंतु आमच्या लोकांचे सगळे शास्त्र कोपऱ्यांवर उभे आहे. ज्या घराला ईशान्य कोपराच नाही तेथे देव कोठे मांडावा आणि सून रुसली तर तिने बसावे कोठे, ह्याचे उत्तर कोणत्याही अभियंत्यापाशी नसते.

असो. ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला, ते गुरुजी राहिलेच. ते भीमेच्या अलीकडचे की पलीकडचे हे मी सांगत नाही. दोन्ही तीरांवरचे लोक ते आपलेच म्हणून सांगतील. निवृत्त मुख्याध्यापक, अंगाने काटक, बोलणे थोडके. फार वर्षांपूर्वी थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांनी जाहीर केले की, आहेर घेणार नाही, देणार नाही; टॉवेल-टोपी नाही, मानाचे फेटे नाहीत, आणि पुढाऱ्यांची आशीर्वादपर भाषणे नाहीत. ह्या भागातल्या लग्नाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ह्या घोषणेचे गांभीर्य कळेल. आमच्याकडे मुहूर्त पंचांगात असतो, पण लग्न आमदारांची गाडी आल्यावर लागते. आणि टॉवेल-टोपी ही वस्तू कोणी वापरीत नाही, ती फक्त एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात प्रवास करते. एकदा तर मी स्वतः दिलेला टॉवेल, त्यावरच्या शाईच्या डागासकट, आठ महिन्यांनी मला परत आला. असले हे अनादि चलन गुरुजींनी एका दिवसात बंद केले, तेव्हा व्हायचे ते झालेच. भावकीने तोंडे फिरवली, विहिणीने डोळ्यांना पदर लावला, आणि गुरुजींचे सख्खे मेहुणे, नवरदेवाचे मामा, फेटा मिळाला नाही म्हणून भर पंक्तीतून उठून न जेवता गावी निघून गेले.

पाच-सात वर्षे अशीच गेली, आणि मग गुरुजींचे बलुते ठरले. पहिल्यांदा कोणत्या लग्नात घडले ते आठवत नाही, पण निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून पुकारले: “ज्यांनी आयुष्यभर सत्कार नाकारला, असे आपले आदरणीय गुरुजी मंडपात उपस्थित आहेत, यजमानांना विनंती की, त्यांनी शाल, श्रीफळ आणि फेटा देऊन गुरुजींचा यथोचित सत्कार करावा!” गुरुजी हात जोडून नाही-नाही म्हणू लागले, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या कडकडाटातच दोघांनी दंड धरून त्यांना वर नेले. तेव्हापासून हा प्रत्येक लग्नाचा एक विधीच होऊन बसला आहे. अंतरपाट दूर होण्याआधी गुरुजींचा नकार झाला पाहिजे. त्यातही मानपान शिरला: “पाटलांच्यात गुरुजींनी तीनदा नाही म्हटलं, आमच्यात दोनदाच म्हटलं,” असा रुसवा एका वधूपित्याने वर्षभर धरला होता. घरी कपाटात शालींची चवड लागली, आणि नारळांचे काय करावे हे न कळून त्यांच्या पत्नीने शेजारपाजारी खोबऱ्याची बर्फी वाटण्याचा परिपाठ ठेवला. गुरुजी थकले. त्यांनी एकदा, वाद नको म्हणून, पहिल्याच शब्दाला नारळ घेतला, तर मंडप चिडीचूप झाला आणि निवेदकाने खाली वाकून विचारले, “तब्येत बरी आहे ना, गुरुजी?”

मागच्या वैशाखात त्यांच्या नातवाचे लग्न ठरले. गुरुजी मला म्हणाले, “आता वय झालं. एकदा चार लोकांसारखा फेटा बांधून मांडवाच्या दारात उभं राहावं म्हणतो. गुलाबी.” ते हे बोलताना जरा लाजले होते. पत्रिका घेऊन ते छापखान्यात गेले आणि ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ काढून टाकण्यास सांगितले. छापखानेवाल्याने नमुन्यांची वही पुढे केली. ती ओळ आता प्रत्येक पत्रिकेत होती. ज्यांच्याकडे टॉवेलांची मोजदाद करायला दोन माणसे बसवतात त्यांच्याही. “हा गुरुजी पॅटर्नच आहे,” तो म्हणाला. “तुमच्याच पत्रिकेत नसला तर लोक मला विचारतील.”

फेटेवाल्याला विसार दिल्याची बातमी मात्र फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली पाच वडीलधारी माणसे गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसली. मी तेथे होतो. चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या, उसाच्या तोडीच्या झाल्या. आणि मग त्यांतल्या एकाने घसा साफ करून विनंती केली की, गुरुजी, तत्त्व सोडू नका. तुम्ही फेटा बांधलात तर आम्ही पोराबाळांना कोणाचा दाखला द्यायचा? बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या पाचांत कोपऱ्यात काठी टेकून बसलेले मामा होते, तेच, जे पंक्तीतून उठून गेले होते. ते इतका वेळ बोलले नव्हते.

“दाजी,” ते म्हणाले, “त्या टायमाला तुम्ही फेटा दिला नाही म्हणून मी न जेवता गेलो. आता तुम्ही बांधला, तर पुन्हा जाईन.”

गुरुजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मग आत जाऊन फेटेवाल्याला फोन केला, गुलाबी फेटा नको म्हणून सांगितले, आणि विसाराचे दोनशे रुपये परत मागितले. ते त्याने दिले नाहीत.